जीएम मोकळेपणाने बोलला, तर त्यातलं किती धरायचं?

तुम्ही न्यू जर्सीहून विचारलंय. मुलाच्या नादाने तुम्हालाही आइस हॉकीचं वेड लागलं, तीन वर्षं दोघांची सीझन तिकिटं काढताय. परवा तुमच्या संघाच्या जनरल मॅनेजरने (जीएम, म्हणजे खेळाडू घेणं-सोडणं ठरवणारा माणूस) तिकीटधारकांना एका संध्याकाळी बोलावून तोंडावर सांगितलं, की हा मोसम हातचा गेला, पुढचाही जड जाईल, आणि तुमच्या आवडीचे काही खेळाडू कदाचित राहणार नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडीत बसल्यावर मुलाने विचारलं, "बाबा, ते खरं बोलले का?" तुम्हाला काय सांगावं ते सुचलं नाही.

मी मूळचा खडकीचा. धनराज पिल्ले ज्या मैदानांवर घडला, त्याच मैदानांवर पोरवयात स्टिक घेऊन धावलोय. कॅनडात आल्यावर ओंटारिओतल्या एका ज्युनियर आइस हॉकी संघाच्या ऑफिसात नोकरी धरली आणि तिथेच सतरा वर्षं काढली. आधी बस, हॉटेलं, कागदपत्रं बघायचो, शेवटची सात वर्षं सहायक जनरल मॅनेजर होतो. अशा सभांमध्ये टेबलाच्या पलीकडे बसून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली आहेत. म्हणून जरा लांबण लावून लिहितो. मुलाने विचारलेला प्रश्न साधा दिसतो, पण आमच्या धंद्यातला तो सगळ्यात अवघड प्रश्न आहे.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या, की जीएम तुमच्याशी बोलतो तेव्हा तुमच्या मागे उभे राहून आणखी एकतीस जण ऐकत असतात. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या आइस हॉकी लीगमध्ये बत्तीस संघ आहेत. तुमचा जीएम जे तुम्हाला सांगतो, ते बाकीच्या एकतीस जीएमना त्याच क्षणी कळतं. शिवाय त्याच्या स्वतःच्या लॉकर रूममधल्या तेवीस खेळाडूंना, त्यांच्या एजंटांना आणि मालकालाही. आपल्याकडे मार्केट यार्डात कांदा घेऊन आलेला शेतकरी लिलावाआधीच म्हणाला, "आज काहीही झालं तरी विकूनच जायचंय," तर त्याला भाव काय मिळेल? जीएमचं तसंच आहे. खरं बोलण्याची किंमत त्याला रोख मोजावी लागते. म्हणून त्याच्या शब्दांचं वजन करताना मी एकच गोष्ट बघतो: हे बोलून त्याचं काही गेलं का? ज्या वाक्याने त्याला काहीच तोटा होत नाही, ते वाक्य खोटं असेलच असं नाही. पण त्यावर टाळ्या वाजवायची घाई करू नये.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या संघात एका डिसेंबरात हे डोळ्यांसमोर घडलं.

ज्युनियर हॉकीत सोळा ते वीस वर्षांची मुलं खेळतात. वीस वर्षांचे खेळाडू एका संघाला तीनच ठेवता येतात. घरापासून लांब आलेली मुलं गावातल्या कुटुंबांकडे राहतात. त्या कुटुंबाला बिलेट म्हणतात. जेवण, कपडे, कॉलेजला जायचं-यायचं, सगळं तीच माणसं बघतात. दोन-तीन वर्षांत मूल त्यांचंच होऊन जातं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत खेळाडूंची अदलाबदल संपवावी लागते, त्यामुळे डिसेंबर हा आमचा सगळ्यात धकाधकीचा महिना. त्या वर्षी आम्ही तळाला होतो. आमच्या तेव्हाच्या जीएमने रिंकच्या लॉबीत सभा ठेवली. घडीच्या शंभरेक खुर्च्या, कोपऱ्यात कॉफीचं मोठं पिंप, आत बर्फ सारखा करणाऱ्या गाडीची घरघर. लोक कावलेले होते. कुणीतरी उठून म्हणालं, "आम्हाला लहान मुलांसारखं वागवू नका, खरं काय ते सांगा." जीएम मनाने सरळ माणूस होता. तो म्हणाला, "ठीक आहे. खरं सांगतो. वीस वर्षांची मुलं या महिन्यात जातील, त्यांच्या बदल्यात आम्ही पुढच्या ड्राफ्टचे पिक घेणार आहोत."

ड्राफ्ट म्हणजे नव्या मुलांना संघांनी फेरीफेरीने निवडणं, आणि पिक म्हणजे त्यातली निवडीची पाळी. जितकी आधीची फेरी, तितकी ती मोलाची. लोक उभे राहिले. मी त्या लॉबीत एवढ्या टाळ्या कधी ऐकल्या नव्हत्या. पण चौथ्या ओळीत आमच्या गोलकीपरची बिलेट आई बसली होती. वीस वर्षांची तीनच मुलं, त्यातला एक तिच्या घरी झोपलेला. नाव घ्यायची गरजच नव्हती. ती टाळ्या न वाजवता पर्स उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन वाजला. आठवडाभर आधी एका संघाने या गोलकीपरसाठी दुसऱ्या फेरीचे दोन पिक देऊ केले होते. आता तोच माणूस शांतपणे म्हणाला, "एक दुसऱ्या फेरीचा आणि एक पाचव्या फेरीचा." मी म्हटलं, गेल्या आठवड्यात दोन होते. तो म्हणाला, "गेल्या आठवड्यात तुम्ही विकायचं ठरवलेलं मला माहीत नव्हतं." शेवटी आम्ही त्याच भावाला दिला. दुसरं गिऱ्हाईकही त्याहून वर गेलं नाही.

पण मला टोचतो तो भाव नाही. त्याच दुपारी मी सामानाच्या खोलीत गेलो. तिथे तो मुलगा स्केट्सना धार लावून घेत उभा होता. यंत्रातून ठिणग्या उडत होत्या, धार लावणारा मान खाली घालून काम करत होता. मुलाने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "सर, मी कुठे जाणार आहे?" अडीच वर्षं आमच्याकडे खेळलेल्या मुलाला स्वतःची बातमी लॉबीतल्या शंभर लोकांनंतर कळली. माझ्याजवळ उत्तर नव्हतं, कारण तेव्हा सौदा ठरलेलाच नव्हता. त्या सभेत मी जीएमच्या शेजारी बसलो होतो. त्याला आधी थांबवायला हवं होतं, सभेपूर्वी त्या तीन मुलांना बोलावून सांगायला हवं होतं, हे मला सुचलं नाही. त्यानंतर मी असेपर्यंत आमच्या ऑफिसात एक शिस्त राहिली: लोकांसमोर काही बोलायचं असेल तर आधी खेळाडू, मग त्याचे आईवडील आणि एजंट, मग मालक, आणि सगळ्यात शेवटी माइक.

आता एनएचएलमधलं मोठं उदाहरण बघू. तुमच्या घरापासून नदीपलीकडचंच आहे. ८ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यूयॉर्क रेंजर्सने चाहत्यांना उद्देशून एक पत्र प्रसिद्ध केलं. खाली संघाचे अध्यक्ष ग्लेन सेदर आणि जीएम जेफ गॉर्टन यांच्या सह्या होत्या. पत्राचा सारांश असा, की आम्ही तरुण संघ नव्याने बांधणार आहोत, त्यात तुमच्या आमच्या ओळखीचे, जिवाभावाचे काही चेहरे जातील, आणि हे सोपं नसेल. त्या काळात असं पत्र म्हणजे मोठीच गोष्ट होती. हा काही वर्षानुवर्षं हरणारा संघ नव्हता. २०१४ ला स्टॅनले कपच्या, म्हणजे लीगच्या अजिंक्यपदाच्या, अंतिम फेरीत खेळलेला, २०११ पासून २०१७ पर्यंत सलग सात वर्षं प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांमध्ये, गेलेला संघ. त्यांच्या घरच्या मैदानाची, मॅडिसन स्क्वेअर गार्डनची, तिकिटं महाग. हेन्रिक लुंडक्विस्टसारखा गोलकीपर छत्तिशीला टेकलेला. अशा संघाने भर मोसमात "आम्ही थांबतोय" असं लिहून देणं सोपं नव्हतं.

माझी कसोटी इथे लावून बघा. खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख होती २६ फेब्रुवारी, म्हणजे पत्र निघालं अठरा दिवस आधी. पुढे काय झालं? २२ तारखेला मायकेल ग्रॅबनर न्यू जर्सीला गेला. २५ ला रिक नॅश बोस्टनला. २६ ला खुद्द कर्णधार रायन मॅकडोना आणि त्याच्याबरोबर जे. टी. मिलर टॅम्पा बेला. पत्रात जे लिहिलं ते तीन आठवड्यांच्या आत करून दाखवलं. बोलणं आणि करणं यात इतकं थोडं अंतर असलं, की त्या बोलण्यावर मी विश्वास ठेवतो.

पण गॉर्टनचं कौतुक मला आणखी एका गोष्टीचं वाटतं, जी टीव्हीवरच्या चर्चेत कमी येते. आमच्या जीएमसारखी भाव पडायची वेळ त्याने येऊ दिली नाही. नॅशचा करार त्या उन्हाळ्यात संपणारच होता, तो विकला जाणार हे पत्राआधीही सगळ्या लीगला ठाऊक होतं. त्यामुळे पत्राने तिथे काही बिघडलं नाही. वर रेंजर्सने नॅशचा निम्मा पगार स्वतःच्या खात्यावर ठेवला. नियमानुसार जास्तीत जास्त निम्माच ठेवता येतो. बोस्टनला तो त्यामुळे परवडला आणि बदल्यात पहिल्या फेरीचा पिक, रायन स्पूनर, आणि रायन लिंडग्रेन नावाचा तरुण बचावपटू मिळाला. मॅकडोनाचा करार तर आणखी एक वर्ष बाकी होता. म्हणजे योग्य भाव नाही आला तर गॉर्टन त्याला उन्हाळ्यापर्यंत ठेवू शकत होता. पत्रात एकाही खेळाडूचं नाव नव्हतं. काय करणार ते सांगितलं, पण कुणाला, कधी आणि कितीला, हे हातात राखून ठेवलं. आमच्या लॉबीतल्या सभेत नेमकी हीच राखण सुटली होती.

आता मुलाच्या प्रश्नाचा दुसरा भाग. समजा जीएम खरं बोलला. मग त्याने सांगितलं तसं होईल का?

इथे मात्र सावध राहा. खरं बोलणं वेगळं आणि बरोबर ठरणं वेगळं. रेंजर्सचंच पुढे बघा. त्या सौद्यांमधून २०१८ च्या ड्राफ्टमध्ये त्यांच्याकडे पहिल्या फेरीचे तीन पिक झाले. नवव्या क्रमांकावर विताली क्राव्त्सोव्ह घेतला, बाविसाव्यावर के'आंद्रे मिलर, अठ्ठाविसाव्यावर निल्स लुंडक्विस्ट. त्यातला के'आंद्रे मिलर पक्का खेळाडू निघाला, उरलेल्या दोघांचं न्यूयॉर्कमध्ये काही जमलं नाही. टॅम्पाकडून आणखी एक पिक मिळाला होता, दुसऱ्या फेरीचा. टॅम्पाने २०१८ किंवा २०१९ ला कप जिंकला तर तो पहिल्या फेरीचा होणार, अशी अट होती. टॅम्पाने २०१८-१९ ला बासष्ट सामने जिंकले आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत कोलंबसकडून सरळ चार सामन्यांत हरले. पिक दुसऱ्याच फेरीचा राहिला. नंतर २०२० आणि २०२१ ला टॅम्पाने सलग दोनदा कप जिंकला, दोन्ही वेळा मॅकडोना संघात होता.

नशिबाने साथही दिली. २०१९ च्या लॉटरीत, म्हणजे ड्राफ्टमधले वरचे क्रमांक ठरवणाऱ्या सोडतीत, रेंजर्स सहाव्यावरून दुसऱ्या क्रमांकावर गेले आणि काप्पो काक्को मिळाला. २०२० ला थेट पहिला क्रमांक लागला आणि अलेक्सिस लाफ्रेनिएर मिळाला. तरी २०२२ ला हा संघ कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे अंतिम फेरीच्या आधीच्या फेरीला, पोहोचला तेव्हा ओझं कुणी वाहिलं? आर्टेमी पानारिन, जो २०१९ च्या उन्हाळ्यात करारमुक्त असताना ८ कोटी १५ लाख डॉलरच्या सात वर्षांच्या करारावर आला. ॲडम फॉक्स, जो कॅरोलिनाकडून ड्राफ्ट पिकच्या बदल्यात आला. ख्रिस क्रायडर, जो २००९ पासून त्यांचाच होता. आणि गोलमध्ये इगोर शेस्टर्किन, ज्याला २०१४ ला चौथ्या फेरीत, ११८ व्या क्रमांकावर घेतलं होतं, म्हणजे पत्राच्या चार वर्षं आधी. पत्राने दाखवलेल्या वाटेने संघ गेला खरा, पण पोहोचवलं बहुतांशी वेगळ्याच लोकांनी. त्या पत्रावर सही करणाऱ्या गॉर्टनला ते बघायला मिळालं नाही. ५ मे २०२१ रोजी त्याला आणि तेव्हाचे अध्यक्ष जॉन डेव्हिडसन यांना एकाच दिवशी काढलं. जे. टी. मिलर २०२५ च्या जानेवारीत परत न्यूयॉर्कला आला आणि त्याच वर्षी कर्णधार झाला. गाडी कुठल्या वळणाने कुठे जाईल, हे पत्र लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

म्हणून जीएम "तीन वर्षांत आपण कपसाठी लढू" असं म्हणाला तर मुलाला सांगा, तीन हा आकडा धरू नकोस. अठरा वर्षांच्या मुलांना निवडून ती बावीस-तेवीसची होईपर्यंत काय होतील याचा अंदाज बांधायचा, हा आमचा धंदा. बचावपटूला वेळ लागतो, गोलकीपरला त्याहून जास्त. शेवटच्या क्रमांकावर आलेल्या संघालाही पहिला पिक मिळण्याची शक्यता साधारण चारात एक. आणि पैशाचं गणित तर कुणाच्याच हातात नसतं. २००४-०५ चा आख्खा मोसम वाया गेल्यावर लीगमध्ये पगाराची कमाल मर्यादा आली, सॅलरी कॅप. ती वर्षागणिक वाढते असं धरून सगळ्यांनी लांबलांब करार केले. मग कोविड आला आणि २०१९-२० ची ८ कोटी १५ लाख डॉलरची मर्यादा पुढची दोन वर्षं जशीच्या तशी राहिली. २०१९ ला ज्या जीएमने चाहत्यांना प्रामाणिकपणे सांगितलं होतं की पुढच्या वर्षी आपल्याला हात मोकळा मिळेल, त्याचं बोलणं तो खोटं न बोलताच खोटं ठरलं. उलट २०२५-२६ ला तीच मर्यादा ९ कोटी ५५ लाखांवर गेली.

आकडा न देण्याची जी शिस्त असते, ती मला डेट्रॉइटच्या स्टीव्ह आयझरमनमध्ये दिसते. एप्रिल २०१९ ला तो त्याच्या जुन्या संघाचा जीएम झाला. चाहते त्याच्यावर जीव टाकणारे, आणि तरी वेळापत्रक द्यायचं तो टाळत आला. संघ २०१६ नंतर २०२५ पर्यंत प्लेऑफला गेला नाही. लोकांचा धीर सुटला, हे मी समजू शकतो. पण तो खोटं बोलला असं कुणाला म्हणता येणार नाही. मॉन्ट्रियलने मधला मार्ग काढला. न्यूयॉर्कमधून गेलेला गॉर्टन नोव्हेंबर २०२१ ला तिथे हॉकी विभागाचा प्रमुख झाला. जानेवारी २०२२ ला त्याने जीएम म्हणून केंट ह्यूजला आणलं. ह्यूज आधी खेळाडूंचा एजंट होता आणि त्याला फ्रेंच येतं. मॉन्ट्रियलमध्ये चाहत्यांशी दोन्ही भाषांत बोलावं लागतं, तिथे ही पात्रताच आहे. त्या मोसमात संघ लीगमध्ये शेवटचा आला. त्यांनी लपवाछपवी केली नाही. २०२४-२५ च्या आधी त्यांनी एवढंच म्हटलं, की मोसमाच्या शेवटी आपण शर्यतीत असलो पाहिजे. प्लेऑफला जाऊच असं नाही, शर्यतीत असू, बस. आणि त्या वर्षी संघ प्लेऑफला गेला. लहान वाक्य बोलायचं आणि ते पुरं करायचं, हे मला सगळ्यात आवडतं. पण ते बोलायला मालकाचं पाठबळ लागतं, हेही खरं.

मोकळेपणा अंगलट येतो तेव्हा काय होतं, ते टोरोंटोत २०२३ च्या मे महिन्यात सगळ्यांनी बघितलं. मॅपल लीफ्सने २००४ नंतर पहिल्यांदा प्लेऑफची एक फेरी जिंकली होती, दुसरीत फ्लोरिडाकडून हरले. जीएम काइल डूबसचा करार संपत आला होता. १५ मेला तो पत्रकारांसमोर बसला आणि त्या वर्षाचा कुटुंबावर किती ताण आला, घरच्यांशी बोलल्याशिवाय आपण पुढचं काही ठरवणार नाही, हे मनापासून बोलला. चार दिवसांनी त्याला काढलं. अध्यक्ष ब्रेंडन शॅनाहन यांनी नंतर सांगितलं, की त्या दिवसाच्या बोलण्यानंतर त्यांच्या मनात वेगळा विचार सुरू झाला. डूबस पुढे १ जूनला पिट्सबर्गला मोठ्या पदावर गेला, त्याचं काही अडलं नाही. पण त्या आठवड्यात आमच्या धंद्यातला प्रत्येक जण काय शिकला असेल? घरचं बोलू नये, हेच. मला त्याचं वाईट वाटतं. माणूस खरा बोलला होता.

काही गोष्टी जीएम तुम्हाला कधीच सांगणार नाही, आणि त्या न सांगण्याला लपवणं म्हणू नका. दुसऱ्या संघाच्या खेळाडूत आपल्याला रस आहे, असं जाहीर बोलणं नियमाने मना आहे, दंड होतो. दुखापतीबद्दल "कमरेखाली" किंवा "कमरेवर" एवढंच सांगतात. नेमकं मनगट दुखावलंय हे कळलं तर पुढच्या सामन्यात त्या मनगटावर स्टिकचे फटके बसतात. मी असे सामने बघितले आहेत. आणि एखादा खेळाडू लीगच्या साहाय्य कार्यक्रमात उपचारांसाठी गेला असेल, तर त्याबद्दल एक अक्षर काढायचं नाही. तुमचा मुलगा विचारेल, "तो का खेळत नाहीये?" त्याला सांगा, ते आपल्याला न कळलेलंच बरं.

मग तुमच्या जीएमचं काय? मी तुमच्या जागी असतो तर त्याची वाक्यं बाजूला ठेवून तीन गोष्टी बघितल्या असत्या. पहिली, सभेची तारीख. पुढच्या मोसमाची तिकिटं पुन्हा घ्यायची मुदत साधारण मोसमाच्या उत्तरार्धात येते. सभा नेमकी त्याच्या तोंडावर असेल तर बोलण्यात थोडा दुकानदार आहे असं समजा. त्यात पाप नाही, पण धरून चाला. दुसरी, पुढच्या उन्हाळ्यातले करार. "आम्ही तरुण संघ बांधतोय" म्हणणारा जीएम एक जुलैला, म्हणजे करार संपलेले खेळाडू बाजारात येतात त्या दिवशी, एकतिशीच्या खेळाडूला सहा-सहा वर्षांचा करार देत असेल, तर त्याच्या शब्दांपेक्षा त्या करारावर विश्वास ठेवा. एनएचएलमधले करारांचे आकडे सगळ्यांना बघता येतात, मुलाला घेऊन बसा, त्याला गणितही येईल. आणि त्यातला नो-ट्रेड कलमाचा भाग मुद्दाम बघा, म्हणजे खेळाडूच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या संघाला देता येत नाही ती अट. आज वाटलेली अशी कलमं चार वर्षांनी पुढच्या जीएमचे हात बांधतात, आणि मग तो तुमच्यासमोर येऊन सांगतो की खेळाडूने नकार दिला. तिसरी गोष्ट, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी: जाणाऱ्या खेळाडूला बातमी कुणाकडून कळली? त्याच्या मुलाखतीत ते दिसतं. "मला आधीच सांगितलं होतं" असं तो म्हणाला, तर तुमचा जीएम भला माणूस आहे, आणि त्याने तुम्हाला सांगितलेलंही मी धरून चालेन.

सभेत टाळ्या वाजवल्या म्हणून मनाला लावून घेऊ नका. लोक हरण्याला कंटाळत नाहीत तेवढे खोट्या आशेला कंटाळतात. २०१५ ला टोरोंटोचा नवा प्रशिक्षक माइक बॅबकॉक पहिल्याच दिवशी म्हणाला होता, की पुढे त्रास आहे. तिथल्या लोकांनी ते वाक्य वर्षभर जपलं, पुढचा मोसम संघ तेव्हाच्या तीस संघांत तिसावा म्हणजे शेवटचा आला तरी. त्याच शेवटच्या क्रमांकावरून ऑस्टन मॅथ्यूज मिळाला. १९६७ पासून कप न जिंकलेल्या गावाला कुणीतरी सरळ बोललं, याचंच समाधान होतं.

पुढच्या सभेला मुलाला बरोबर न्या आणि त्यालाच हात वर करायला सांगा. "आपण कधी जिंकणार?" हे विचारू नये, त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. त्याने विचारावं, "गेल्या दोन वर्षांत तुम्ही घेतलेला कुठला निर्णय आज परत घ्यावासा वाटतो?"

आमच्याकडे एका वर्षी हा प्रश्न बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीने विचारला होता. तोच जीएम, तीच लॉबी, गोलकीपर जाऊन दोन वर्षं झाली होती. तो बराच वेळ गप्प राहिला, हातातला कॉफीचा कागदी कप फिरवत. मग चौथ्या ओळीकडे बघून म्हणाला, "इथे उभा राहून एकदा एका मुलाबद्दल बोललो होतो. आधी त्याच्याशी बोलायला हवं होतं." त्या संध्याकाळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गोलकीपरची बिलेट आई त्या वर्षीही आली होती. सभा संपल्यावर ती पुढे आली, जीएमशी दोन शब्द बोलली आणि जाताना पुढच्या मोसमाचं तिकीट घेऊन गेली.